कीबोर्ड आणि माऊस आपल्या हाताला बसवून घ्या

शिंप्याची कात्री दुसऱ्याने उचलली की तो अस्वस्थ होतो. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, जरीकाम करणाऱ्याची आरी ही सारी हत्यारे त्या त्या माणसाच्या हाताला लागलेली असतात. मुठीला चिंधी गुंडाळायची, पात्याला आपल्याला हवी तशी धार लावायची, हे कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र हाच कारागीर आपल्या मुलाला कॉम्प्युटरसमोर बसवतो तेव्हा कंपनीने ज्या कळा जशा लावून दिल्या, तशाच त्या वर्षानुवर्षे वापरल्या जातात. त्या कळा आपल्या कामाप्रमाणे बदलता येतात, माऊसच्या बटणांना वेगळी कामे लावता येतात आणि यासाठी एक पैसाही खर्च येत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या कानावरच आलेली नसते. आज या पानावर तेवढ्याच विषयावर लिहायचे योजले आहे.

आम्ही कापडवाले. आम्हाला ऑटोकॅडशी काय घेणेदेणे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आता फर्निचर असो, लोखंडी गेट आणि जाळ्या असोत, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या असोत की लेझर कटिंग असो, माल कापण्याआधी त्याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढावा लागतो. सीएनसी राउटरला तर नकाशाशिवाय हलताच येत नाही. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे या कामात आहेत. शिवाय आमची भाची पॉलिटेक्निक झाल्यावर घरी बसून दोन-तीन फर्निचरवाल्यांची ड्रॉइंगे करून देते. तिच्या शेजारी बसून आम्ही हे काम जवळून पाहिले, आणि आमच्या मागाच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट आठवली.

हातमागावर विणकराच्या पायाखाली पट्ट्या असतात. कोणती पट्टी दाबली की ताण्याचे कोणते धागे वर जावेत, हे दोऱ्या बांधून ठरवायचे असते. साधे कापड विणायचे तर दोन पट्ट्या पुरतात. नक्षी बदलली की दोऱ्यांची बांधणी बदलते, आणि चांगला विणकर ती अशी बांधतो की डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय अशी चाल पडावी आणि हातातल्या धोट्याला थांबावे लागू नये. माग तोच, धागा तोच. बांधणी चुकीची असली तर संध्याकाळी दोन हात कापड कमी भरते आणि पोटऱ्या जास्त दुखतात. कीबोर्डच्या कळांचे अगदी असेच आहे.

कॉम्प्युटरवर चित्र काढण्याचे काम पहिल्यापासून दोन हातांचे आहे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीच्या इव्हान सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम तयार केला. त्यात एका हाताने प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढायची आणि दुसऱ्या हाताने बटणे दाबून हुकूम द्यायचा, अशी व्यवस्था होती. माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस लोकांना दाखवला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली तीन बटणांचा माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचे वेगळे यंत्र होते. ऑटोकॅड आले १९८२ साली. त्या काळी पुष्कळ ठिकाणी माऊसऐवजी मोठी पाटी वापरीत, तिच्यावर हुकुमांचा छापील तक्ता असे. त्या तक्त्याचा वरचा भाग वापरणाऱ्याला आपले स्वतःचे हुकूम बसवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. म्हणजे हत्यार बनवणाऱ्यांनाच ठाऊक होते की कारागीर त्यात आपला बदल करणार.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

ऑटोकॅडमध्ये प्रत्येक कामाला एक हुकूम आहे आणि बहुतेक हुकुमांना एका-दोन अक्षरांचे छोटे नाव आहे. लाइनला एल, सर्कलला सी, कॉपीला सीओ, मूव्हला एम, ऑफसेटला ओ, मिररला एमआय, इरेझला ई, ट्रिमला टीआर. हे सर्वांना पाठ असते. पण कीबोर्डकडे नीट पाहा. उजवा हात माऊसवर आहे, कीबोर्डवर फक्त डावा. डाव्या पंजाखाली कोणती अक्षरे येतात? वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी. मधल्या ओळीत ए, एस, डी, एफ, जी. खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही, बी. मग एल, ओ, एम, पी, आय ही अक्षरे राहिली उजव्या बाजूला. फर्निचरच्या ड्रॉइंगमध्ये दिवसभर जे हुकूम लागतात, लाइन, मूव्ह, ऑफसेट, मिरर, कॉपी, त्या प्रत्येकाच्या नावात उजव्या बाजूचे अक्षर आहे. म्हणजे दर वेळी एक तर माऊसवरचा हात उचलून कीबोर्डवर आणायचा, नाही तर डावा हात पूर्ण पलीकडे ताणायचा.

भाची म्हणाली, “मामू, उजवा हात माऊसवरून उठलाच नाही पाहिजे. उठला की नजर पण उठते.” हे तिचे बोलणे आम्हाला फार पटले. खरे नुकसान नजर उठण्याचे आहे. वेळेचा हिशेब करायचाच तर असा करा. समजा एखादा मुलगा दिवसाला १५०० वेळा हुकूम देतो आणि दर वेळी एकच सेकंद वाचतो; तर दिवसाची २५ मिनिटे झाली आणि २५ दिवसांच्या महिन्यात दहा तासांहून जास्त. म्हणजे महिन्याला एक पूर्ण दिवस. हा आकडा आम्ही समजुतीसाठी धरला आहे, आपल्या दुकानात आपण घड्याळ लावून पाहावे.

बदल करायची जागा आहे अकॅड डॉट पीजीपी नावाची एक साधी फाइल. मेनूतील मॅनेज या भागात एडिट एलियासेस म्हणून पर्याय आहे, तेथून ती उघडते. आत एकेका ओळीत आधी छोटे नाव, मग स्वल्पविराम, मग तारकेचे चिन्ह आणि त्याला चिकटून हुकुमाचे पूर्ण नाव, एवढेच लिहिलेले असते. ज्या ओळीच्या आरंभी अर्धविराम आहे ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, ती माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप असते. फाइलच्या अगदी शेवटी आपल्या स्वतःच्या नावांसाठी जागा ठेवलेली आहे. तेथेच लिहावे, वरच्या मूळ ओळींना हात लावू नये. एकच नाव दोनदा आले तर शेवटचे चालते, त्यामुळे वरचे खोडण्याची गरजच पडत नाही. फाइल साठवली की ऑटोकॅडमध्ये रीइनिट असा हुकूम द्यायचा, पीजीपी फाइलच्या चौकटीत खूण करायची आणि ओके म्हणायचे. बस्स, नवे नाव चालू. काही करण्याआधी मूळ फाइलची एक नक्कल बाजूला ठेवणे हे सांगायला नको.

कोणते अक्षर कोणाला द्यायचे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या कामावरून ठरवावे. सी हे अक्षर घ्या. ते सर्कलला दिलेले आहे. यंत्राचे सुटे भाग काढणाऱ्याला वर्तुळे लागतात, तेथे ते योग्यच आहे. कपाट, किचनची ट्रॉली, पलंग काढणारा माणूस दिवसाला किती वर्तुळे काढतो? कॉपी मात्र तो शेकडो वेळा करतो. म्हणून पुष्कळ लोक सी कॉपीला देतात आणि सर्कलला सीसी करून टाकतात. डब्ल्यू हे अक्षर ड्रॉइंगचा तुकडा वेगळ्या फाइलीत काढून ठेवण्याच्या हुकुमाला आहे, तो आठवड्यातून एकदा लागला तर लागतो. व्ही पडद्यावरचे दृश्य साठवण्याला आहे. आर नुसता पडदा पुसून पुन्हा रंगवतो, त्याची आजच्या यंत्रावर सहसा गरज पडत नाही. म्हणजे डाव्या हाताखालची ही तीन घरे जवळजवळ रिकामीच म्हणायची. भाचीने डब्ल्यू मूव्हला दिला आहे, व्ही ऑफसेटला आणि आर आयत काढण्याला. आणि अंगठ्याखालचा लांब स्पेसबार ऑटोकॅडमध्ये एंटरचेच काम करतो, तसेच मागचा हुकूम पुन्हा द्यायचा तर नुसता स्पेसबार दाबला तरी पुरते. ही सोय मुळातच आहे, तरी एंटरसाठी पलीकडे हात नेणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

एक हौशीचा धोका येथे सांगून ठेवतो. एका दिवसात चाळीस नावे बदलणारा दुसऱ्या दिवशी कोणतेच आठवत नाही म्हणून जुन्याकडे परत जातो. आधी दोन दिवस कागद शेजारी ठेवून दिवसभरात कोणता हुकूम किती वेळा दिला त्याच्या रेघा ओढाव्यात. ज्या पाच हुकुमांच्या रेघा सर्वांत जास्त, तेवढेच बदलावेत. बोटांना ते वळण पडले की पुढचे पाच.

वरच्या रांगेतल्या एफ-कळांपैकी एफ-थ्री, एफ-एट वगैरे कामाच्या आहेत, त्यांना छेडू नये. तक्रार आहे ती एफ-वनची. घाईत हुकूम रद्द करायला एस्केप दाबायला जावे आणि बोट शेजारच्या एफ-वनवर पडावे, की मदतीची खिडकी उघडून बसते. जुन्या यंत्रावर ती उघडेपर्यंत काम थांबलेच समजा. या त्रासाने कित्येक ठिकाणी एफ-वनची टोपीच उपटून ड्रॉवरमध्ये टाकलेली असते. टोपी उपटण्याची गरज नाही. सीयूआय असा हुकूम दिला की कळा, मेनू, माऊस या सर्वांची मांडणी बदलण्याची खिडकी उघडते. तेथे एक नवा हुकूम तयार करून त्याच्या मॅक्रोच्या घरात टोपीचे चिन्ह आणि सी असे दोनदा लिहायचे आणि त्याला एफ-वन ही कळ लावायची. मग एफ-वन दाबले काय आणि एस्केप दाबले काय, सारखेच. टोपी आणि सी हे काय प्रकरण, असे वाटेल. डॉसच्या काळातील ऑटोकॅडमध्ये रद्द करण्यासाठी कंट्रोल आणि सी दाबीत. विंडोजमध्ये ती जोडी नक्कल करण्याला गेली, पण मॅक्रोच्या आत जुना अर्थ अजून टिकून आहे.

माऊसचे डावे बटण निवडण्यासाठी राखीव आहे, ऑटोकॅडच्या या खिडकीतून ते बदलत नाही. मधले चाक फिरवले की चित्र लहान-मोठे होते, दाबून धरले की सरकते, दोनदा टिचकी मारली की सगळे ड्रॉइंग पडद्यावर बसते. हे तसेच ठेवावे असे आमचे मत. एखाद्याला चाक उलटे फिरते असे वाटत असेल तर झूमव्हील या नावाच्या सेटिंगचा आकडा शून्याचा एक केला की दिशा फिरते.

वाद होतो तो उजव्या बटणाचा. जुने लोक उजवे बटण म्हणजे एंटर असे शिकले आहेत. ऑटोकॅड २००० पासून उजव्या बटणावर मेनू उघडू लागला आणि नंतरची मुले त्यावर तयार झाली. दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. यावर एक मधला मार्ग कंपनीनेच ठेवला आहे. ऑप्शन्सच्या खिडकीत यूजर प्रेफरन्सेस या भागात राइट-क्लिक कस्टमायझेशन आहे. तेथे वेळेप्रमाणे काम करणाऱ्या टिचकीची चौकट आहे. तिच्यावर खूण केली की झटकन टिचकी मारली तर एंटर आणि बटण जरा दाबून धरले तर मेनू. किती वेळ म्हणजे जरा, तेही ठरवता येते. मुळात २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद असते. ज्याचा हात जड आहे त्याने हा आकडा थोडा वाढवावा. आमच्या पाहण्यात तरी सगळ्या बदलांमध्ये हा एक बदल असा आहे की ज्याने केला त्याने परत फिरवला नाही.

बाजारात अंगठ्याजवळ दोन जास्तीची बटणे असलेले माऊस मिळतात. त्यांच्यासोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी मांडणी करता येते. एकावर एस्केप आणि दुसऱ्यावर डिलीट लावले तरी खूप झाले. बारा बटणांचा खेळाचा माऊस घेण्यात पैसे घालवू नयेत. अंगठा एकच असतो.

डाव्या हाताने काम करणाऱ्यांचे थोडे निराळे. विंडोजमध्ये माऊसची बटणे अदलाबदल करता येतात आणि माऊस डाव्या हाताला ठेवला की कीबोर्डवर उजवा हात मोकळा राहतो. मग एल, ओ, एम, पी ही अक्षरे आपोआप बोटांखाली येतात. या एका बाबतीत कंपनीची मांडणी डावखुऱ्यांना मानवते! आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना वही उजवीकडून उघडायची सवय, त्यामुळे ही डाव्या-उजव्याची गोष्ट आम्हाला लवकर समजली. उर्दू छपाईवाले जे इनपेज वापरतात त्यातही कळांची मांडणी निवडता येते. ज्याला ए दाबल्यावर अलिफ यावा असे वाटते तो फोनेटिक घेतो, ज्याची बोटे जुन्या मांडणीवर बसली आहेत तो जुनीच ठेवतो.

आमच्या धंद्यातलेही एक उदाहरण देतो, कारण त्यात मालाचे नुकसान आहे. जॅकार्डचे डिझाइन पुष्कळ ठिकाणी आधी फोटोशॉपमध्ये तयार होते. तेथे पेन्सिल आणि ब्रश या दोघांना बी हे एकच अक्षर आहे. आरजीबी रंगांत काम करताना पेन्सिलची कड स्वच्छ कापलेली येते, ब्रशची कड मऊ येते आणि त्या कडेवर मधल्या छटा तयार होतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत. पण मागाच्या हिशेबात प्रत्येक रंग म्हणजे एक वेगळी वीण, तेव्हा जे रंग आपण घातलेच नाहीत त्यांची ठिपके-ठिपके वीण कडेला उमटते. पेन्सिल समजून ब्रश हातात आला की हे होते. फोटोशॉपमध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि के या चार कळा एकत्र दाबल्या की शॉर्टकट बदलण्याची खिडकी उघडते, तेथे टूल्समध्ये जाऊन पेन्सिलला स्वतंत्र अक्षर देता येते. ब्रशचे अक्षर काढूनच टाकले तर आणखी चांगले. जॅकार्डवाल्याला ब्रश कशाला हवा?

आता मालक आणि कामगार यांच्यातली गोष्ट. एकाच कॉम्प्युटरवर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असे दोघे बसतात, एकाने सी कॉपीला दिलेला, दुसऱ्याला सी म्हणजे वर्तुळ. रोज भांडण. अशा वेळी मालक वैतागून फर्मान काढतो की कोणी काही बदलायचे नाही. आमच्या मते हे फर्मान चुकीचे आहे आणि अनावश्यकही आहे. ऑटोकॅड ही सारी मांडणी विंडोजच्या ज्या नावाने माणूस आत शिरला त्या नावाच्या कप्प्यात ठेवते. म्हणून त्याच कॉम्प्युटरवर विंडोजमध्ये दोघांची दोन नावे उघडून द्या. प्रत्येकाची पीजीपी फाइल वेगळी, उजवे बटण वेगळे, आणि ड्रॉइंगचे फोल्डर दोघांना सामाईक. लेयरची नावे, मापे लिहिण्याची पद्धत, कागदाची चौकट मात्र मालकाने ठरवावी आणि सर्वांनी तीच पाळावी, कारण ती ड्रॉइंगसोबत गिऱ्हाइकाकडे जाते. बोटांची मांडणी कोणाकडे जात नाही.

कामगार नोकरी सोडून जातो तेव्हा ही फाइल कोणाची? आम्ही म्हणतो त्याची. ड्रॉइंग दुकानाचे आहे, त्याला हात लावू द्यायचा नाही. पण दहा ओळींची पीजीपी फाइल तो पेन ड्राइव्हवर घेऊन जात असेल तर जाऊ द्यावी. न्हाव्याने आपला वस्तरा नेल्यासारखेच आहे ते.

मुलांसाठीही एक शब्द. नवीन नोकरीला गेलात की बहुधा परीक्षा म्हणून एक ड्रॉइंग काढायला देतात, आणि ते कंपनीच्या मूळ मांडणीवर. तेथे डब्ल्यू दाबला तर मूव्ह होणार नाही, भलतीच खिडकी उघडेल. समोरचा माणूस समजतो की याला कामच येत नाही. म्हणून मूळ नावे विसरू नयेत. ऑफसेटला व्ही दिला तरी ओ चालू राहतोच. महिन्यातून एखादे ड्रॉइंग मुद्दाम जुन्या नावांनी काढावे. सी सारखे अक्षर एकाकडून काढून दुसऱ्याला दिले असेल तर तेवढे खास लक्षात ठेवावे.

वाचलेला वेळ कोणाच्या खिशात जातो, हेही पाहिले पाहिजे. जो शीटवर पैसे घेतो, त्याची कमाई वाढते. जो महिन्याच्या पगारावर आहे त्याला संध्याकाळी तेवढेच मिळते, उलट लवकर काम संपले तर आणखी काम पुढ्यात येते. मग त्याने कशासाठी डोके चालवावे? आमच्या ओळखीच्या एका दुकानात मालकाने यावर असे केले की ठरलेल्या शीटांच्या वर जितकी होतील त्यांचा वेगळा दर लावला. त्यानंतर तेथल्या मुलांनी स्वतःहून रेघा मारलेले कागद भिंतीला चिकटवले. भाचीचा कागदही आम्ही पाहिला. पाच हुकुमांपैकी कॉपीच्या रेघा कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत गेल्या होत्या, आणि सर्कलच्या पुढे दोनच होत्या, त्याही एका गोल टेबलाच्या.